नमद्याच्या सपाता आणि सात नावं

२ सप्टेंबर

वही नवी आहे, तेव्हा तिला आधी घरची ओळख करून देते. मी बुरुलचा. डोंगरातल्या आमच्या कोचकोर गावच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यातली अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते. नवरा साग्यनबेक जनावरांचा डॉक्टर, आता तोही निवृत्त. बोलतो कमी, मिशीत हसतो जास्त. मुलगा एर्मेक मॉस्कोत टॅक्सी चालवतो. सून नुरझादा आमच्याजवळ असते.

आज पीठ मळता मळता ती म्हणाली, "अपा, त्यांनी तिकडे माझ्यासाठी एका खानावळीत काम बघितलंय. जानेवारीपासून."

"तुला जायचंय?"

तिने मान वर केली नाही. "मला वाटतं त्यांनीच इकडे यावं. पण इकडे येऊन करणार काय?"

गेल्या वर्षी तिने फोनवर एक दुकान उघडलं. आमच्या गल्लीतल्या बायका लोकर भिजवून, लाटून, नमदा करतात आणि त्याच्या सपाता शिवतात. त्या ती विकते. माल असा, की बर्फातून आलेल्या माणसाने पाय घातला की डोळे मिटावेत. विक्री महिन्याला आठ-नऊ जोड. एर्मेकचं म्हणणं एवढंच: नोव्हेंबर महिन्यात शंभर जोड विकून दाखव, मी टॅक्सी विकून घरी येतो आणि तुझा माल राजधानीत, बिश्केकला पोचवतो. नाहीतर तू इकडे ये.

मी माणसाला रडून थांबवणारी नाही. मी युक्तिवादाने थांबवते. शंभर तर शंभर!

५ सप्टेंबर

नुरझादाने समजावलं. मोठी दुकानं म्हणे अफिलिएट नेमतात. दुकानाबाहेरची माणसं. त्यांनी आपल्या ओळखीत मालाविषयी सांगायचं. प्रत्येकाला एक कोड, म्हणजे परवलीचा शब्द. गिऱ्हाइकाने खरेदी करताना तो लिहिला की त्याला सूट मिळते आणि सांगणाऱ्याला वाटा.

मी म्हटलं, यात नवं काय? कुणाच्या घरी मूल जन्मलं, हरवलेला घोडा सापडला, की बातमी आणणारा दारातूनच "सुयुंचु!" ओरडतो आणि भेट घेऊन जातो. चांगल्या बातमीचं मोल आम्ही हजार वर्षं देत आलोय. त्याला परदेशी नाव चिकटवून आम्हालाच शिकवतात!

अफिलिएट हा शब्द माझ्या घरात चालणार नाही. 'निरोप्या' म्हणायचं.

६ सप्टेंबर

निरोप्या कोण, यावर वाद. नुरझादाच्या मनात तिच्या मैत्रिणी होत्या. मी म्हटलं, पोरींचं कोण ऐकतं? ज्या बाईच्या डोक्यावर पांढरा रुमाल आहे, जिने सहा नातवंडं वाढवली, तिचा शब्द लोक मानतात. गल्लीतल्या सहा म्हाताऱ्या आणि सातवी मी. आणि कोड म्हणजे आमची नावं.

"अपा," ती हळूच म्हणाली, "फुलांची नावं ठेवूया का? किंवा नुसते आकडे?"

माझा तोल गेला. मी म्हटलं, बाईचं नाव हीच तिची पहिली मालमत्ता आणि तीच आधी जाते. आधी अमक्याची मुलगी, मग तमक्याची बायको, मग एर्मेकची आई. थडग्यावर नाव कोरतात तेव्हा नातवंडं विचारतात, हे कुणाचं? आपल्याकडे सुना सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव जिभेवर घेत नाहीत. याला लोक मान म्हणतात, मी याला पुसून टाकणं म्हणते. मी लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवऱ्याला नावाने हाक मारली होती. गल्ली गोळा झाली होती! नुरझादा आली त्याच दिवशी मी तिला सांगून टाकलं, मला बुरुलचा म्हण. ती अपा म्हणते, म्हणजे आई. तेही गोडच आहे. ती रूढी आमच्या घरातून तरी मी हद्दपार केली.

साग्यनबेक चहा पीत होता. म्हणाला, "मास्तरीणबाई, श्रोते दोनच आहेत. आवाज दोघांपुरता लावा."

९ सप्टेंबर

कुमुश-एजेकडे गेले; थोरल्या बाईला आम्ही एजे म्हणतो. वय एकाहत्तर, नमद्याच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. लोकरीवर गरम पाणी ओतत होती.

"मी काय करायचं?"

"काहीच नाही, एजे. तुमचं नाव करेल."

"माझं नाव?" ती हसली, दोन दात दिसले. "ते घेतलंय कुणी चाळीस वर्षांत? मलाच आठवावं लागेल."

"म्हणूनच तर!"

"पण मला तर ते फोनचं बोटं फिरवणं जमत नाही."

"ते तुमची सून करेल. झारकिन आहे की."

झारकिन बाजूला लोकर पिंजत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आल्यावर मुलं पाहतात. मी तिला धीर दिला, अगं, सोपं असतं.

चहा, लोणी, तळलेल्या पिठाचे बोरसोक, मग पुन्हा चहा. एजे तयार झाली.

१४ सप्टेंबर

सातही निरोप्या ठरल्या. प्रत्येकीच्या घरी तिची सून फोन सांभाळणार. माझा सकाळपासून बोलून बोलून घसा बसला, पण चौकात भेटेल त्याला योजना सांगितली.

घरी आले तर नुरझादा एर्मेकशी फोनवर बोलत होती. "आज समोवर पहाटेपासून उकळतोय. वाफेनं खिडक्या धुरकटल्यात." आणि हसत होती.

मी विचारलं, समोवर? विजेची किटली आल्यापासून तो चहाचा पितळी बंब माळ्यावर पडलाय, तू कधी काढलास? ती लाल झाली. "नाही अपा, असंच." पोरीवर कामाचा ताण पडतोय.

१ ऑक्टोबर

आजपासून कोड सुरू. कुमुश, तुर्सुनाय, ओरोजकान, शाइरबुबू, कांयशा, उमसुनाय, बुरुलचा. सात बायकांची नावं, दुकानाच्या पाटीखाली एका ओळीत! मी साग्यनबेकला तीनदा दाखवली.

४ ऑक्टोबर

शून्य.

९ ऑक्टोबर

शून्य. म्हणजे कोडावर शून्य. कोडाशिवाय दोन जोड गेले. नुरझादा म्हणते, दुकानात पाहायला येणारे दसपट वाढलेत. येतात, सपाता निवडतात, शेवटच्या पायरीपर्यंत जातात आणि तिथून निघून जातात. मी विचारलं, का? ती म्हणाली, "बघते अपा." तिला काहीतरी सांगायचं होतं, पण मी मेळाव्याच्या तयारीत होते.

१२ ऑक्टोबर

संस्कृतिभवनात मेळावा घेतला. सात निरोप्या पहिल्या रांगेत, सुना मागे. चाळीस मिनिटं बोलले. रेशीममार्गापासून सुरुवात केली. म्हटलं, या डोंगरातून मीठ गेलं, कागद गेला, धर्म गेले, आणि हे सगळं कुणी नेलं? सांगणाऱ्यांनी! आज तुमच्या हातात फोन आहे आणि तुमची जीभ का अडते? आळस की भीती? आपल्या सासूचं नाव अभिमानाने जगाला सांगा!

टाळ्या इतक्या, की छपरावरची कबुतरं उडाली. मागच्या रांगेत सुना सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. कांयशा-एजे रडली. आता फरक पडेल.

१७ ऑक्टोबर

शून्य. टाळ्या वाजवणाऱ्या हातांवर माझा विश्वास उरला नाही.

नुरझादा आज कपाट आवरत होती. हिवाळी कोट काढून बाजूला ठेवला. कशाला, विचारलं तर म्हणाली, मॉस्कोत जास्त थंडी असते का, हे बघत होते. मी बोलले नाही. म्हणजे थोडंच बोलले.

२० ऑक्टोबर

कारस्थान उघडकीला आलं! नुरझादाकडून मी दुकानाची यादी मागून घेतली. गिऱ्हाइकांनी शेवटच्या पायरीवर लिहिलेले आणि दुकानाने नाकारलेले कोड. तीन आठवड्यांत दोनशे चौदा! आणि काय शब्द! 'लांब सावली' एकोणचाळीस वेळा. 'गोड लोणी'. 'वरचं अंगण'. 'निळं दार' अठ्ठावीस वेळा. 'रुपेरी सुई'. 'पहाटवारा'. सगळ्यांत जास्त, एकसष्ट वेळा, 'समोवर'.

कुणीतरी खोटे कोड वाटून आमची गिऱ्हाइकं पळवतंय. लगेच जाहीर पत्रक लिहायला घेतलं: "सावधान! आपल्या मातांच्या नावांवर डल्ला मारणाऱ्या टोळीला…"

साग्यनबेकने खांद्यावरून वाचलं. आधी मिशी हलली, मग खांदे, मग त्याने चहा माझ्या पत्रकावर सांडला. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, हा माणूस इतका हसलेला मी पाहिलेला नाही.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"मास्तरीणबाई, तू इतिहास शिकवलास ना? मग स्वतःचा आठव. माझ्या आईला तू काय म्हणायचीस?"

"आईंना? मी तर…"

आज इथेच थांबते.

२१ ऑक्टोबर

काल वही अर्धीच ठेवली. खरं ते लिहिते.

सुनेला सासूचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून प्रत्येक सून आल्या आल्या सासूला एक दुसरं नाव ठेवते आणि जन्मभर तेच वापरते. हे मला माहीत नव्हतं का? मी त्यावर व्याख्यानं दिलीत! आणि मी मोठ्या दिमाखात सात सासवांची नावं कोड म्हणून ठेवली आणि ती पसरवायचं काम सात सुनांना दिलं. बिचाऱ्या काय करणार? त्यांनी आवाजी निरोप पाठवले, नातेवाइकांना, मैत्रिणींना, मॉस्कोच्या मंडळींना: कोडाच्या जागी लिहा 'लांब सावली'. ज्यांनी ऐकलं त्यांनी तेच लिहिलं. दुकान म्हणालं, चूक.

माझ्या सासूला मी 'खालचा झरा' म्हणायचे. मी, जिने रूढी हद्दपार केली! नवऱ्याला नावाने हाक मारली ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, आणि सासूपुढे एकोणीस वर्षं मान खाली. जाऊन बावीस वर्षं झाली त्यांना. इथे वहीत त्यांचं नाव लिहायचं ठरवलं. माझ्या सासूबाईंचं नाव

हात पुढे जात नाही. तीनदा प्रयत्न केला. चहा करून आणते.

नाही जमत.

२३ ऑक्टोबर

कुमुश-एजेकडे सगळ्या जमल्या होत्या, मोठा नमदा लाटायचा होता. मी यादी वाचायला लागले. सुनांनी खाली लोकरीत डोकी घातली.

"'लांब सावली' कुणाची?"

झारकिनच्या कानापर्यंत रंग चढला. "आमच्याकडची."

"मी?" कुमुश-एजे उठून उभी राहिली. "मी लांब सावली?"

"अंगणात तुम्ही यायच्या आधी तुमची सावली येते ना," झारकिन म्हणाली, "मग मी पटकन कामाला लागते."

एजेने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि हसत सुटली, ती गरम पाण्याची किटली कलंडेपर्यंत. "माझ्या सासूला मी 'कडू चहा' म्हणायचे! तुझं बरंय गं, मला निदान उंची तरी दिलीस!"

मग काय विचारता. तुर्सुनाय-एजेला 'गोड लोणी' कळल्यावर ती दहा मिनिटं स्वतःशीच लाजत होती. शाइरबुबू-एजे 'निळं दार' ऐकून रुसली, म्हणाली, दार? आख्ख्या घरातून दारच? तिची सून म्हणाली, "मी माहेराहून पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही निळ्या दारात उभ्या होतात. हसत." शाइरबुबू-एजेने रुमालाने नाक पुसलं आणि रुसवा तिथेच संपला.

सहा नावं लागली. 'समोवर' उरला.

"हा कुणाचा?"

सात सुना, सात डोकी लोकरीत. नुरझादाचं तर जवळजवळ दिसेनासं झालं होतं.

"पाणी गार होतंय," कुमुश-एजे म्हणाली. "लाटा, लाटा."

म्हणजे तेवढा एक खरंच कुणाचा तरी चावटपणा होता. मी तो खोडून टाकला.

२५ ऑक्टोबर

दोन दिवस स्वतःशी भांडले. कोड बदलणं म्हणजे मी रूढीपुढे हरले का?

माझं उत्तर असं. जन्मल्यावर ठेवलेलं नाव आईबापांनी ठेवलं, तेव्हा आपण कोण होणार हे त्यांना कुठे माहीत होतं? आणि हे दुसरं नाव एका परक्या मुलीने आपल्याला वर्षानुवर्षं पाहून ठेवलेलं असतं. कुणाला कोणतं खरं वाटावं, हे मी ठरवणारी कोण? पण पहिलं नाव पुसू द्यायचं नाही, हा हट्ट मी सोडणार नाही.

साग्यनबेकने गाठ सोडवली. म्हणाला, "प्रत्येक जोडाबरोबर चिठ्ठी टाका. या सपाता कुमुशने केल्या. कागदाला सासू नसते."

या माणसाने आयुष्यात मेंढ्यांशीच जास्त बोलायला नको होतं.

नवे सहा कोड आजपासून सुरू. माझा तसाच राहू दिला, बुरुलचा. माझ्या घरात नावाला बंदी नाही, त्यामुळे बदलण्याचा प्रश्नच येत नाही. नुरझादा म्हणाली, "अपा, तुमचाही बदलायचा का?" मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "काही नाही."

३ नोव्हेंबर

सतरा जोड! तीन दिवसांत!

११ नोव्हेंबर

बेचाळीस. 'लांब सावली' पहिली, 'निळं दार' तिच्या पाठोपाठ. शाइरबुबू-एजे रोज सकाळी कुंपणावरून विचारते, सावली किती पुढे आहे? नुरझादा आणि झारकिन खोकी बांधून बिश्केकच्या गाडीला देतात. प्रत्येक खोक्यात चिठ्ठी. काल कराकोलच्या एका बाईने फोटो पाठवला, पायात सपाता आणि हातात चिठ्ठी: 'कुमुशने केल्या.' एजेने तो फोटो छापून भिंतीवर लावलाय.

बुरुलचा या कोडावर शून्य.

२४ नोव्हेंबर

चौऱ्याहत्तर, आणि आता वेग मंदावला. कोचकोरची नातीगोती संपत आली. सहा दिवसांत सव्वीस जोड कुठून आणायचे?

मॉस्कोत आमच्या भागातली शेकडो माणसं आहेत, तिथून काहीच का नाही, हे कळत नाही. मी नुरझादाला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला सांग की जरा! ती म्हणाली, "सांगितलंय अपा. पहिल्या दिवसापासून." डोळे भरले होते. तो हिवाळी कोट पुन्हा बाहेर लटकत होता. मी तो उचलून कपाटात ठेवला. तिने पाहिलं. 

२६ नोव्हेंबर

दुपारी एर्मेकचा फोन, थेट मला.

"अपा, बाकी सगळं राहू दे, आधी मला सांग, समोवर का चालत नाही?"

"कुठला समोवर?"

"अगं, कोड! बाकीच्यांचे चालतात आणि आमचाच तेवढा चूक दाखवतो. इथे टॅक्सीच्या थांब्यावरची सगळी पोरं, त्यांच्या बायका, नुरझादाच्या बहिणीच्या कारखान्यातल्या बाया, सगळ्यांना समोवर लिहा म्हणून सांगितलंय. दोन महिने झाले, सगळे मला शिव्या…"

तो एकदम थांबला.

"एर्मेक, समोवर म्हणजे कोण?"

तो खाकरला.

"अपा, नेट गेलंय," तो म्हणाला. आवाज खणखणीत येत होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी

म्हणजे माझ्याच घरात. सात वर्षं. मला नावाने हाक मार म्हणून सांगितलं, ती हो म्हणाली, आणि मी पुन्हा कधी कान देऊन ऐकलंच नाही.

आधी राग आला, लपवत नाही. समोवर! फुगलेला, फुसफुसणारा, वाफा सोडणारा! मी गोठ्यात गेले. साग्यनबेक गाईला चारा घालत होता.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या हिवाळ्यापासून."

"मी सारखी उकळत असते, असंच ना?"

"आवाज फार करतेस, हे खरं." त्याने गाईच्या पाठीवर हात फिरवला. "पण ती आली त्या वर्षी आजारी पडली होती, आठवतं? तू तीन आठवडे तिच्या उशाशी बसून मोठ्याने पुस्तकं वाचलीस. ती म्हणायची, झोपेतसुद्धा घरात ऊब असल्याचा आवाज येतो. नाव तेव्हा पडलं."

गाय माझ्याकडे बघत राहिली.

घरात आले. नुरझादा खोकी बांधत होती. तिचा फोन मागून घेतला आणि चष्मा लावून, एका एका अक्षरावर बोट ठेवून, सातव्या कोडाच्या जागी 'बुरुलचा' पुसलं आणि 'समोवर' लिहिलं. फोन परत दिला. तिने पडद्याकडे पाहिलं. दोरीचा गुंडा तिच्या हातातून घरंगळत पार चुलीपर्यंत गेला.

२७ नोव्हेंबर

एका दिवसात एकतीस जोड. सगळे मॉस्कोचे. कोड एकच.

तिथल्या फरश्या फार गार असतात म्हणे.

३० नोव्हेंबर

एकशे अठ्ठावीस! झारकिनने अंगणातूनच "सुयुंचु!" आरोळी दिली आणि कुमुश-एजेने तिला आपल्या बोटातली चांदीची अंगठी काढून दिली. शाइरबुबू-एजेचं म्हणणं, निळ्या दाराला फक्त दोन जोड कमी पडले, पुढच्या महिन्यात बघून घेईन.

एर्मेकने टॅक्सीला गिऱ्हाईक बघितलं. वीस डिसेंबरला येतोय. नुरझादाने त्या खानावळीला कळवलं, मी येणार नाही. मी ऐकत होते, दोनच वाक्यांत सांगितलं तिने. मला तेवढ्यासाठी अर्धा तास लागला असता.

संध्याकाळी साग्यनबेककडून माळ्यावरचा समोवर उतरवून घेतला. मी स्वतः राखेने घासला. पितळ असं निघालं, की तोंड दिसावं. पेटवला, मधोमध ठेवला. जेवायला सगळ्या गल्लीला बोलावलं होतं. नुरझादा बोरसोकांची थाळी घेऊन आत आली, समोर समोवर फुसफुसताना पाहिला आणि दारातच थिजली. सगळ्या सुना माझ्याकडे बघत होत्या. सगळ्या सासवाही. साग्यनबेकने कप खाली ठेवला. भाषण येणार, हे त्याने धरलंच होतं.

मी नुरझादाला जवळ बसवून घेतलं, तिच्या कपात आधी दूध घातलं, मग चहा, आणि तो तिच्या हातात दिला.

बोलले काहीच नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण उद्या सांगितलं तर कोचकोरमध्ये कुणाचा विश्वास बसणार नाही.